थेंब पडलेल्या विटा

पाऊस लांबला की गावातलं कोणीतरी भट्टीवाल्या मामांना हटकून विचारायचं, "काय मामा, पाऊस कुठं हाय?" मामा हातातलं काम न थांबवता सांगत, "बांधलाय. शनवारी सोडतो." विचारणारा हसायचा, पण पुरता हसायचा नाही. विटा भिजू नयेत म्हणून वीटभट्टीवाला भट्टीच्या तळाशी काहीतरी पुरून पाऊस बांधून ठेवतो, अशी शिरूर तालुक्याच्या त्या भागात समजूत होती. काय पुरतात यावर एकमत नव्हतं. कोणी नारळ म्हणे, कोणी बिब्बे, कोणी काळी कोंबडी. मामांना ही समजूत माहीत होती आणि ते ती वापरत. गावाकडून त्यांना मिळणारी एकमेव गोष्ट म्हणजे थोडी भीती. ती सोडायला ते तयार नव्हते.

गाव निमोण्यापासून जवळ. नाव लिहीत नाही. या हकिकतीतले बरेच जण हयात आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका दैनिकाचा शिरूरचा वार्ताहर होतो. बाजारभाव, अपघात, सप्ताह, सत्कार, असं सगळं लिहीत असे. मामांची पहिली ओळख झाली तीही बातमीपुरतीच. पहिल्या भेटीत त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि बायकोला हाक मारून सांगितलं, "पेपरवालं आलंय. पाणी दे, च्या नको." पुढच्या पाच वर्षांत मला त्या घरी चहा तीनदा मिळाला. तिन्ही वेळा मामींनी, मामा भट्टीवर असताना दिला.

मामांचं घराणं मेंढरांचं. वडील दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरत आणि मृगाच्या आधी परत येत. मामांनी मेंढरं विकली आणि सहा एकरांत बाजरी, मटकी करू लागले. शेती त्यांनी का सोडली हे ते एका दमात सांगत. तीन वर्षं मृगात पेरलं, तिन्ही वर्षं दुबार पेरणी करावी लागली. चौथ्या वर्षी बैल विकले आणि विटांचा साचा हातात धरला. "माती इकायला आभाळ लागत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी आपल्याच शेताची माती खणून विटा थापायला सुरुवात केली. मी पाहिलं तेव्हा शेत कमरेइतकं खाली गेलं होतं. रस्त्यावरून जाताना खड्ड्यात काम करणाऱ्यांची फक्त मुंडाशी हलताना दिसत. बापजाद्यांची जमीन खणून विकतो, हा गावाचा मामांवरचा पहिला राग होता.

माती विकायला आभाळ लागत नाही, हा हिशेब मात्र चुकला होता. कच्ची वीट उन्हात वाळायला आठ-दहा दिवस जमिनीवर पडून असते. त्या दिवसांत पाऊस आला तर विटेचा परत चिखल होतो. त्यामुळे दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत मामा आभाळाकडे बघत ते शत्रूकडे बघावं तसं. पश्चिमेला ढग दिसला की शेजारचा कांदावाला अंदाज घेई, माळावरचा बाजरीवाला हात जोडी आणि मामा शिव्या देत. ढगाला नावानिशी शिव्या देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माघातल्या ढगाची शिवी वेगळी, चैत्रातल्याची वेगळी. एकदा मी सहज म्हणालो की ढगाला ऐकू जात नाही. ते म्हणाले, "गावाला जातंय की."

गाव पावसाबद्दल खूप बोले. पाडव्याला मारुतीच्या पारावर पंचांग वाचलं जाई. कोणत्या नक्षत्राचं वाहन काय, बेडूक की म्हैस की गाढव, त्यावरून कोणी किती पेरायचं ठरे. नक्षत्रं खोटी ठरू लागली तसं बोलणं बदललं. पंचांग चुकतंय असं कोणी म्हणत नव्हतं. कोणीतरी काहीतरी करतंय, असं म्हणत. कोरेगाव भीमाकडच्या कारखान्यांच्या धुरानं ढग फाटतात. द्राक्षबागावाले विमानं आणून ढग पांगवतात. टेकडीवरच्या मोबाईलच्या टॉवरनं वीज ओढली जाते आणि तिच्यामागं पाऊस जातो. दौंडच्या बाजूला कॅनॉल आहे, ऊस आहे, म्हणून ढगही तिकडंच वळतात. एका म्हाताऱ्यानं मला बायका स्कूटर चालवू लागल्याचं कारण गंभीरपणे सांगितलं होतं. मामा हे सगळं खड्ड्यात उभं राहून ऐकत. त्यांनी एकदा मला सांगितलं, "पेपरवाले, ही मानसं पावसाबद्दल बोलत न्हाईत. एकमेकाबद्दल बोलत्यात." पाच वर्षांत मी केलेल्या टिपणांत याहून नेमकं वाक्य नाही.

एका उन्हाळ्यात कृषी खात्याचा एक तरुण अधिकारी स्लाईड दाखवायला आला. शाळेच्या खोलीत पडदा लावला होता. पृथ्वीचा गोळा, भोवती तांबडा रंग, वितळणारा बर्फ. हवामान बदलतंय, असं तो म्हणाला. कोळसा जळतो, धूर वर जातो, पृथ्वी तापते, पाऊस बिघडतो. लोक शांतपणे ऐकत होते. धूर हा शब्द आला तशा माना खिडकीकडे वळल्या. खिडकीतून मामांची भट्टी दिसत होती आणि तिच्यातून धूर निघत होता. मामा मागच्या बाकावर होते. ते उभे राहिले.

"सायेब, पाऊस बिघडला तो जगाच्या धुरानं का माझ्या?"

अधिकारी प्रामाणिक होता. त्याने सांगितलं की सगळ्यांच्याच धुराचा थोडा थोडा वाटा असतो. पुढचं कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गावात सांगितलं जाऊ लागलं की पाऊस भट्टीनं बिघडतो हे सरकारी साहेबानं पडद्यावर दाखवलं. मामा मात्र त्या अधिकाऱ्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. इतरांबद्दल बोलत. यादी मोठी होती आणि तीत माझं नाव होतं.

विटांची रांग मी त्याच उन्हाळ्यात पाहिली. मामांच्या घराच्या परसाला छातीइतकी भिंत होती. तिच्या माथ्यावर तेरा सुट्या विटा ओळीने ठेवलेल्या होत्या. भाजलेल्या, लाल, पण प्रत्येकीच्या अंगावर खळगेच खळगे.

"यांना देवी आल्या होत्या का?" मी विचारलं.

"पाऊस आला व्हता," मामा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. अवकाळी पाऊस आला की बहुतेक विटांचा चिखल होतो. पण कधी नुसते टपोरे थेंब पडतात आणि पाऊस पुढे निघून जातो. तेव्हा ओल्या विटेवर थेंबांचे खळगे उठतात आणि भाजल्यावर तसेच राहतात. अशा प्रत्येक पावसातली एक वीट मामा बाजूला काढत. ती ओली असतानाच खिळ्याने तिच्यावर महिना कोरत. कार्तिक. माघ. चैत्र. माघ. त्यांचं शिक्षण तिसरीपर्यंत झालेलं. अक्षर मोठं आणि तिरपं. पहिल्या विटेनंतर दुसरी यायला पाच वर्षं लागली होती. शेवटच्या पाच विटा दोन हंगामांतल्या होत्या.

"पाऊस कुठं गेला न्हाई," मामा म्हणाले. "नको तवा येतोय, हवा तवा येत न्हाई. ह्ये बघा की, लिवलंय त्यानं."

बाकीच्या खळग्यांच्या विटांचं काय होतं, असं मी विचारलं. गाव स्वस्तात नेतं, ते म्हणाले. वर गिलावा केला की कोणाला दिसतं? माजी सरपंच अण्णांच्या नव्या बंगल्याची मागची भिंत सगळी तसल्याच विटांची होती. साहेबाला ही रांग दाखवली का, असंही मी विचारलं. "सायेब चित्रं घेऊन येतो," मामा म्हणाले. "त्याला वीट कशाला?"

मी बातमी लिहिली. अठ्ठावीस ओळी, सोबत विटांचा फोटो. मामांची रांग, कोरलेले महिने, दोन विटांमधली कमी होत गेलेली वर्षं. ती आतल्या पानावर आली. मामांना अंक नेऊन दिला तर त्यांनी आधी फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता ह्ये गावबी वाचंल." हे कौतुक नव्हतं, पण मला तसं वाटलं. बातमीत एकही चूक नव्हती. हे मी नंतर अनेकदा स्वतःला सांगितलं आहे.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्राही कोरड्या गेल्या. दरवर्षीची रीत अशी होती की भट्टी विझे, पाऊस येई आणि मामांवरचा संशय पुढच्या वर्षापर्यंत मिटे. त्या वर्षी भट्टी विझून महिना झाला, पक्क्या विटा विकून जागा मोकळी झाली, तळ उघडा पडला आणि त्यात राखेशिवाय काही निघालं नाही. पाऊस तरी आला नाही. गावाकडे कारण उरलं नव्हतं. मग कोणाला तरी माझी बातमी आठवली.

अण्णा मला शिरूरच्या स्टँडवर भेटले. साठीचे, पांढरा सदरा, बोलणं गोड. उद्या सकाळी कॅमेरा घेऊन या, एवढंच म्हणाले. मी गेलो. मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलेलं. मामा आणि मामी खाली उभे. अण्णांच्या हातात बातमीचं कात्रण होतं, घडीवर फाटलेलं.

"भट्टीत काय सापडलं न्हाई, ह्ये कबूल," अण्णा म्हणाले. "म्हंजी जे काय हाय ते ह्या विटांत हाय. फोटोत थेंब दिसत्यात. वर महिने घातल्यात. तेरा टायमाचा पाऊस ह्यांनी घरात ठिवलाय. न्हाई म्हणा, मामा."

मामांनी नाही म्हटलं नाही.

कोणीतरी मला विचारलं की बातमी तुम्ही लिहिली, तुम्हीच सांगा. मी सांगितलं की पाऊस बांधल्याचं बातमीत कुठेही लिहिलेलं नाही. मागून आवाज आला, "न्हाई बांधला आसंबी कुठं लिवलंय?" लोक हसले. मी पुढे काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. बातमीदार सभेत बोलत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

अण्णांनी तोडगा काढला होता. मामांनी तेरा विटा पारावर आणायच्या, त्यांच्यावर घागरभर पाणी ओतायचं आणि मारुतीसमोर तीनदा म्हणायचं: सोडला, सोडला, सोडला. मग कोणी त्यांना बोट लावणार नाही. भट्टी पुढच्या वर्षी खुशाल लावावी. नाहीतर गावाच्या विहिरीचं पाणी बंद, अण्णांच्या बांधावरून भट्टीकडे जाणारी वाट बंद.

मामी हळूच म्हणाल्या, "म्हणा की. शब्दच तर हाय. हितं राहायचंय आपल्याला."

मामा मामींकडे वळले. आवाज चढवला नाही. "इतकी वर्सं बांधला म्हणालो ती चेष्टा व्हती. आता सोडला म्हणालो की ती कबुली."

इथवर गोष्ट कदाचित सावरली असती. दोन-तीन म्हातारे म्हणत होते, विटा तेवढ्या आणा, बोलायचं राहू द्या. पण मामांना गप्प बसणं जमत नसे. ते अण्णांना म्हणाले, "थेंबाच्या इटा पायजेत ना, अण्णा? मग आधी तुमच्या बंगल्याचा गिलावा काढा. निम्मा पाऊस तिथंच हाय."

एक माणूस हसला. मग दहा हसले. अण्णांची स्वस्तातली भिंत गावाला माहीत होती, ती कोणी पारावर बोललं नव्हतं एवढंच. मी अण्णांचा चेहरा पाहिला आणि मला निकाल कळला. त्या एका हशाची किंमत मामांनी पुढे गाव सोडून दिली.

चार-पाच जण मामांच्या परसात गेले आणि घमेल्यांतून विटा घेऊन आले. पारापुढे मांडून हातोडीने एकेक फोडली. भाजलेली वीट चांगली असली तर टणकन वाजते. मामा वीट कानाजवळ नेऊन बोटाने वाजवून पाहत आणि बद्द वाजली तर बाजूला टाकत. त्या दिवशी तेराच्या तेरा चांगल्या वाजल्या. मामा प्रत्येक घावाला मान तिरकी करून ऐकत होते. मग पाणी ओतलं गेलं. मामांऐवजी अण्णांनीच तीनदा "सोडला" म्हटलं. तुकडे ओढ्यात टाकले. मामांच्या अंगाला कोणी हात लावला नाही, हे मी टिपून ठेवलं. मी फोटो काढले. ते छापले नाहीत.

चौथ्या दिवशी पाऊस आला. दोन तास असा कोसळला की पावसाआधीच कोरड्यात धूळपेरणी केलेल्यांचं बी मातीसकट ओढ्यात गेलं. नंतर तीन आठवडे पुन्हा थेंब नाही. पण गावाने मोजले ते दोन तास. माणसं भिजत पारावर आली, पेढे वाटले. अण्णांचा शब्द खरा झाला होता. त्यानंतर गावात पावसाबद्दल कोणी काही विचारायचं कारण उरलं नाही.

मी सहा ओळींची बातमी दिली: विटांवरून निर्माण झालेला वाद सामोपचाराने मिटला. असल्या वादांच्या बातम्या अशाच लिहायच्या, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. येत होतं.

पाणी बंद झालं ते झालंच. वाटेवर काटे टाकले गेले. दरवर्षी थापायला येणाऱ्या मजूर कुटुंबांना गावातून निरोप गेला की यंदा येऊ नका. दसऱ्याच्या आधी मामा आणि मामी एका टेम्पोत बसून पाटसकडे गेले. तिथे मामींचा भाऊ होता. कमरेइतकं खोल गेलेलं शेत कोणी विकत घेईना. ते तसंच राहिलं. त्या अवेळीच्या पावसांनी त्यात पाणी साचू लागलं आणि पुढे गावाची गुरं तिथं पाणी प्यायला लागली.

दोन वर्षांनी गळीत हंगामाच्या बातमीसाठी मी पाटसला गेलो. उसाच्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत आली होती. रस्त्याच्या कडेला एका भट्टीवर मामा दिसले. दुसऱ्याची भट्टी, ते मजुरांवर देखरेख करत होते. वाळले होते. मला पाहून त्यांनी ओळख दाखवली नाही. मी जवळ जाऊन नमस्कार केला तेव्हा एवढंच म्हणाले, "मिटला का?"

मला कळायला वेळ लागला. सहा ओळींची ती बातमी त्यांनी वाचली होती.

मी माफी मागावी म्हणून काहीतरी बोलू लागलो. त्यांनी हाताने थांबवलं आणि एका पोऱ्याला ताडपत्री नीट ओढायला सांगितलं. पश्चिमेला ढग होते. कार्तिक महिना होता. मी विचारलं की तशा विटा अजून बाजूला काढता का.

"न्हाई," ते म्हणाले. "आता ठिवायच्या म्हंजी सगळी भट्टीच ठिवावी लागंल."

मामी पत्र्याच्या खोलीतून पाणी घेऊन आल्या. परसातली चिंच अजून आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. आहे, मी म्हणालो. मी पाहिलेली नव्हती. मामा पुन्हा आभाळाकडे बघत शिव्या देऊ लागले होते. त्या ऐकून मला बरं वाटलं. तो माणूस मला आवडत असे. हे त्यांना सांगितलं असतं तर माझी भट्टीवरूनही हकालपट्टी झाली असती.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं मला उशिरा कळलं. बातमी द्यावी असं त्यात काही नव्हतं, असं कार्यालयाचं मत पडलं. मीही आग्रह धरला नाही.

नंतर एका सत्काराच्या निमित्ताने मी त्या गावात गेलो. सत्कार अण्णांचाच होता. जेवण त्यांच्या बंगल्यावर. हात धुवायला मागच्या बाजूला गेलो तर मागच्या भिंतीचा गिलावा ढलप्यांनी सुटून खाली पडला होता आणि आतल्या विटा उघड्या पडल्या होत्या. छपरापासून जोत्यापर्यंत सगळ्या खळग्यांच्या. उन्हात प्रत्येक खळग्याची सावली वेगळी दिसत होती. मी एका खळग्यात करंगळी घालून पाहिली. बरोबर बसली.

अण्णा मागे येऊन उभे राहिले. "ओल वर चढतीय," ते म्हणाले. "इटच हलकी निघाली. भट्टीवाल्यानं फसवलं आमाला."

मी ओळीने विटा पाहत गेलो. कुठल्याच विटेवर महिना कोरलेला नव्हता. हा पाऊस माघातला की चैत्रातला, कुठल्या वर्षाचा, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. खाली गवंडी सिमेंट कालवत बसला होता. अण्णांनी त्याला खूण केली. तो उठला आणि त्याने पहिली थापी मारली.